गॅस-पिस्टन रायफलीला दुप्पट पैसे मोजण्याआधी काय तपासावे

प्रश्न थोडक्यात असा. गोंदिया जिल्ह्यातल्या एका माजी सैनिकाचा भाचा अमेरिकेत नोकरीला आहे. तिथे तो एआर (म्हणजे एआर-15) घाटाची, शॉर्ट-स्ट्रोक पिस्टनवाली (गॅसच्या जोराने पिस्टन टोला देऊन परत फिरतो अशी) महागडी सेमी-ऑटो रायफल, म्हणजे दर वेळी चाप ओढला की एक गोळी सोडून पुढची आपोआप भरणारी, घ्यायच्या विचारात आहे. मामांच्या हातून नोकरीत एसएलआर आणि इन्सास या लष्करी रायफली गेलेल्या, म्हणून भाच्याने त्यांनाच विचारले: साध्या एआरच्या दुप्पट भावात ही घ्यावी का, आणि दुकानात व रेंजवर नेमके काय बघावे? मामांनी स्वतःचाही एक प्रश्न जोडला आहे: अशी रायफल आपल्या इकडे वावरातल्या रानडुकरांसाठी परवान्यावर मिळेल का?

भाऊ, तुमच्या प्रश्नाचे उत्तर लहान आहे, ते आधी उरकतो. मिळणार नाही. शस्त्र नियमांत सेमी-ऑटो बंदुका पहिल्या गटात आहेत. त्या गटाचा परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून निघत नाही, तो केंद्राच्या हातात आहे, आणि पीक राखण्याचे कारण तिथे चालत नाही. कास्तकारासाठी शस्त्र कायदा 1959 मध्ये जी वाट ठेवली आहे ती ठासणीच्या बंदुकीची. तेवढ्याने भागत नसेल तर 20 इंचांपेक्षा कमी नळी नसलेल्या साध्या बोअरच्या (आतून गुळगुळीत नळीच्या) बंदुकीची. आणि बंदूक असली तरी डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते. भाच्याची रायफल सुट्टीत सामानात घालून आणण्याचा विषय तर काढूच नका. तिकडून बाहेर काढायला निर्यात परवानगी लागते आणि इकडे विमानतळावर थेट गुन्हा दाखल होतो.

भाच्याला पैसे मोजण्याआधी एक विचारा: व्हिसा कोणता? एच-1बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक वा काडतूस जवळ बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना असणे यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. शिवाय कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क यांसारख्या राज्यांत या घाटाच्या रायफलींवर वेगळी बंधने आहेत. हे कागद नीट असतील तरच पुढचे वाचण्यात अर्थ आहे.

आता रायफल. फौजी माणसाला पिस्टन म्हटले की एसएलआर आठवते आणि मन लगेच त्या बाजूला झुकते. पण एसएलआर मुळात पिस्टनसाठीच घडवलेली होती: नळीचे मागचे तोंड बंद करणारा आणि तिरका होऊन लॉक होणारा ब्रीच ब्लॉक, त्याला मागे-पुढे नेणारा, रुळांवर चालणारा कॅरिअर, वरून टोला देऊन परत फिरणारा पिस्टन. इन्सासमध्ये एके-47 प्रमाणे पिस्टन कॅरिअरलाच जोडलेला, म्हणजे लाँग-स्ट्रोक. एआरचे तसे नाही. तिथे नळीतला गॅस एका बारीक नळकांडीतून थेट कॅरिअरच्या पोटात येतो, तिथे फुगतो आणि कॅरिअरला मागे ढकलतो. हा जोर बोल्टच्या (कॅरिअरमध्ये बसून नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या भागाच्या) अक्षावरच पडतो, म्हणून कॅरिअर सरळ मागे जातो. काजळी आणि उष्णताही तिथेच येते, हा त्यातला तोटा.

पिस्टनच्या एआरमध्ये गॅस पुढे, गॅस ब्लॉकमध्येच (नळीवर बसवलेल्या, गॅस घेणाऱ्या ठोकळ्यात) काम करून बाहेर पडतो. बोल्ट स्वच्छ आणि थंड राहतो. पण ज्या कॅरिअरची आखणी पोटात गॅस घेण्यासाठी झाली, त्याला आता वरच्या कडेवर टोला बसतो. पिस्टन-एआरची खरी परीक्षा या जोडकामाची आहे. महागड्या कंपन्या पैसे घेतात ते हे जोडकाम नीट केल्याचे. ते नीट केले आहे की नुसता रंग आणि नाव विकले आहे, एवढेच तपासायचे.

आणि नावावर जाऊ नका. आपल्या लष्कराने घेतल्यामुळे सिग 716 हे नाव इकडेही सगळ्यांना माहीत झाले. पण त्याच 716 घराण्यात जी2 पॅट्रोल ही पिस्टनची आहे आणि अमेरिकी बाजारातली 716आय ट्रेड ही थेट गॅसची. दोन्हींवर आकडा तोच. दुकानदार 'सेव्हन-वन-सिक्स आहे' म्हणाला म्हणून पिस्टन समजून बसू नका. हँडगार्डच्या (नळीभोवतीच्या, हाताने धरायच्या आवरणाच्या) पुढच्या तोंडातून बघा. गॅस ब्लॉकच्या टोकाला गॅस कमी-जास्त करायचा, फिरवायचा रेग्युलेटर आणि मागे जाड दांडी दिसली तर पिस्टन. पेन्सिलीहून बारीक वाकडी नळी दिसली तर थेट गॅस.

दुकानात रायफल हातात आली की पहिले काम तुम्हाला सांगायला नको: मॅगझिन काढा, कॉक करा, चेंबरमध्ये (राउंड बसतो त्या जागेत) डोळ्याने बघा आणि बोटानेही चाचपा. मग वरचा आणि खालचा रिसीव्हर वेगळे करण्याची परवानगी मागा. दोन-तीन हजार डॉलरची वस्तू उघडून दाखवायला जो नाही म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नये.

कॅरिअर बाहेर काढून त्याची शेपटी बघा. वरून टोला बसला की कॅरिअरचे तोंड उचलते आणि शेपटी खाली बसते. यालाच कॅरिअर टिल्ट म्हणतात. ती शेपटी कुंद्यातल्या बफर ट्यूबच्या (कॅरिअर मागे येताना ज्या नळीत शिरतो तिच्या) खालच्या ओठावर घासते. ट्यूब ॲल्युमिनियमची, कॅरिअर पोलादाचा. झिजणार कोण ते उघड आहे. सुरुवातीला काळा लेप उडून चकाकी येते, मग खाच पडते, मग खाचेची कड उभी राहते आणि कॅरिअर तिच्यावर अडखळू लागतो. चांगल्या बनावटीत कॅरिअरच्या मागच्या भागाला खालून जाडी दिलेली असते किंवा शेपटीला सरकपट्ट्या असतात, आणि वरचा टोला खाणारा उंचवटा कॅरिअरच्याच पोलादातून कोरलेला असतो. तो उंचवटा वेगळा करून दोन स्क्रूंनी बसवलेला दिसला तर तो भाग कधीतरी ढिला होणार असे समजा. थेट गॅसच्या एआरमध्ये तिथला तुकडा स्क्रूवरच असतो, पण तिथे त्याला फक्त गॅस झेलायचा असतो. इथे प्रत्येक राउंडला हातोडा बसतो.

नव्या रायफलीत झीज दिसणार नाही, म्हणून रेंजवर हे करा. बफर ट्यूबच्या खालच्या ओठावर काळ्या किंवा निळ्या मार्कर पेनाने पट्टी रंगवा, 20 राउंड चालवा, उघडून बघा. रंग थोडा पुसट झाला तर हरकत नाही. रंग जाऊन खालचा धातू चकाकत असेल, नखाला कड लागत असेल, तर ही रायफल हजारभर राउंडांनंतर त्रास देईल. सेकंड-हँड घेत असाल तर टॉर्च मारून हीच जागा सगळ्यात आधी बघा. विकणारा 'फक्त 200 राउंड चालली' म्हणत असेल आणि ओठावर खाच असेल तर दोघांपैकी कोण खोटे बोलते ते तुमचे तुम्ही ठरवा.

पुढे गॅस ब्लॉक. रेग्युलेटर काढा, पिस्टन काढा, दांडी आणि स्प्रिंग काढा. बहुतेक चांगल्या रायफलींत याला हत्यार लागत नाही, फार तर काडतुसाचे टोक लागते. सगळे कोरडे करून परत बसवा. दांडी बोटाने मागे दाबून सोडली की स्प्रिंगच्या जोरावर पूर्ण पुढे यायला हवी, तीही नळी वर धरून, खाली धरून आणि आडवी धरून. कुठे घासली, अर्ध्यात थांबली, तर गॅस ब्लॉक आणि रिसीव्हर एका रेषेत नाहीत. हा दोष घरी दुरुस्त होत नाही. रायफल परत करायची. गॅस ब्लॉक नळीला कसा धरला आहे तेही बघा. आडव्या पिनांनी बसवलेला उत्तम; नुसत्या बारीक स्क्रूंनी दाबलेला असेल तर या भावात तो नको, कारण पिस्टनच्या प्रत्येक धक्क्याची उलट बाजू हा ब्लॉक खातो.

रेग्युलेटरबद्दल तुम्हाला शिकवण्यासारखे फार नाही. एसएलआरचा गॅस जसा क्लिक मोजून लावायचात, तत्त्व तेच. फरक एवढा की एसएलआरच्या रेग्युलेटरला बऱ्याच पायऱ्या असत आणि जादा गॅस बाहेर सोडला जाई. इथे बहुधा दोन ते चार जागा असतात: नेहमीची, मळलेल्या रायफलीसाठी जास्त गॅसची, आणि सप्रेसर (आवाज दाबणारे नळकांडे) लावल्यावर कमी गॅसची. एखादी जागा गॅस पूर्ण बंद करणारीही असते. म्हणजे बारीक जुळवणी तुमच्या हातात नाही, कंपनीने ठरवलेल्या भोकावर विश्वास ठेवायचा. म्हणून कंपनीने ते भोक नीट ठरवले आहे का, याची तपासणी रेंजवर अशी:

नेहमीच्या जागेवर रेग्युलेटर ठेवा. मॅगझिनमध्ये एकच राउंड भरा, चालवा. बोल्ट मागे अडकून उघडा राहिला पाहिजे. हे पाच वेळा करा, आणि त्यासाठी बाजारातला सगळ्यात सौम्य, स्वस्त दारूगोळा वापरा. पाचांपैकी एकदाही बोल्ट बंद झाला तर गॅस कमी पडतो आहे, किंवा मॅगझिनची स्प्रिंग मेली आहे. मॅगझिन बदलून परत बघा म्हणजे कळेल. मग उलट बाजू: जोरदार, लष्करी दाबाचा दारूगोळा त्याच जागेवर चालवा आणि पुंगळ्या कुठे पडतात ते पाहा. उजव्या हाताला, घड्याळाच्या तीन ते साडेचारच्या दिशेने, एका ढिगात पडत असतील तर छान. एक-दोनच्या दिशेने पुढे भिरकावल्या जात असतील तर बोल्ट गरजेपेक्षा वेगाने मागे येतो आहे. पाचच्या दिशेने पायाजवळ गळत असतील तर दम कमी आहे. आठवण म्हणून सांगतो, पुंगळीची दिशा हा इशारा आहे, निकाल नव्हे. एक्स्ट्रॅक्टरची (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याची) स्प्रिंग आणि डिफ्लेक्टरचा (पुंगळी वळवणाऱ्या उंचवट्याचा) आकारही त्यात भाग घेतात.

पुंगळ्या गोळा करून त्यांची बुडे बघा. एक्स्ट्रॅक्टरने कड ओरबाडलेली, इजेक्टरच्या (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिट्टीच्या) भोकाचा ठसा पितळेवर उठलेला, प्रायमर (बुडातली ठिणगीची टोपी) चपटा होऊन कडेपर्यंत पसरलेला, अशा तीन खुणा एकत्र दिसल्या तर बोल्ट नळीत दाब असतानाच उघडतो आहे किंवा दाबच जास्त आहे. अशी रायफल काही महिने दणक्यात चालते, मग एक्स्ट्रॅक्टर तुटतो, नंतर बोल्टच्या दातांजवळ किंवा कॅम पिनच्या (बोल्ट फिरवणाऱ्या खिळीच्या) भोकापाशी तडा जातो. बफरचे (कॅरिअरमागे ट्यूबमध्ये असलेल्या वजनी तुकड्याचे) वजन वाढवून काही प्रमाणात सावरता येते. साधा कार्बाइन बफर सुमारे 85 ग्रॅमचा, त्यावर एच सुमारे 108, एच2 सुमारे 131 आणि एच3 सुमारे 155. पण नवी महागडी रायफल घेऊन पहिल्याच आठवड्यात बफर शोधत फिरावे लागत असेल तर त्या भावाचा अर्थ काय उरला?

आता ज्या कारणासाठी लोक पिस्टन घेतात ते: धूळ, घाण, उष्णता. इथे गैरसमज मोठा आहे. पिस्टनमुळे काजळी बोल्टवर येत नाही, पण बाहेरची धूळ आत यायला पिस्टन असो वा नसो, वाट तीच आहे. आपल्या काळ्या मातीचा फुफाटा बघा, तेलात मिसळला की घासकागदाचे काम करतो. म्हणून तेल कॅरिअरच्या चार रुळांवर, कॅम पिनवर आणि बोल्टच्या दातांवर, तेही पातळ थर. पिस्टन, गॅस ब्लॉकचे पोट आणि रेग्युलेटर कोरडे ठेवायचे. तिथे तेल लावले की ते भाजून घट्ट पापुद्रा होतो आणि रेग्युलेटर जागीच धरतो. जुन्या शिस्तीने सगळ्या भागांना तेलात न्हाऊ घालायची सवय इथे नडते. रेग्युलेटर धरतो का हे बघायला भरभर 60 राउंड चालवा, रायफल पूर्ण थंड होऊ द्या, मग रेग्युलेटर फिरवा. गरम असताना सगळेच फिरतात. थंड झाल्यावर पक्कड लागली तर समजा की साफसफाई दर खेपेला सक्तीची.

उन्हाचे वेगळे. आपल्या चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. भाचा टेक्सासकडे असेल तर तिकडचे ऊनही कमी नाही. बंद गाडीत, काचेमागे ठेवलेली काडतुसे हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतात. तापलेल्या दारूचा दाब वाढतो, गॅस वाढतो, बोल्ट लवकर उघडतो. आधीच जास्त गॅसवर असलेली रायफल अशा वेळी अडते. काडतुसे सावलीत, आणि तापलेल्या चेंबरमध्ये राउंड भरून ठेवायचा नाही.

नेमबाजीचा अचूकपणा पिस्टनमुळे वाढत नाही. नळीवर जास्तीचे वजन लटकते आणि हलते, त्यामुळे झाला तर थोडा तोटाच. अचूकपणा नळी, चेंबर, तोंडाची कड आणि दारूगोळा यांत असतो. जाहिरातीतला 'एक एमओए' (मिनिट ऑफ अँगल, गोळ्या किती पसरतात ते सांगणारे कोनाचे माप) बहुधा तीन राउंडांचा असतो. 100 यार्डांवर एक एमओए म्हणजे 1.047 इंच, सुमारे साडेसव्वीस मिलिमीटर. पण तीन राउंडांचे ग्रुपिंग (लक्ष्यावरच्या भोकांचा पसारा) नेहमी लहानच दिसते. त्याच रायफलीचे दहा राउंडांचे ग्रुपिंग सरासरीने दीडपटीहून थोडे मोठे येते, रायफलीत काहीही न बिघडता. म्हणून दहा-दहाचे दोन ग्रुप घ्या, एक थंड नळीचा, दुसरा लगेच तापलेल्या नळीचा. तापल्यावर ग्रुप थोडा फुगला तर चालेल. मध्यबिंदूच एका बाजूला सरकला तर नळीवर कुठेतरी ताण आहे, बहुधा गॅस ब्लॉकचा किंवा हँडगार्डचा. मग रेग्युलेटरची जागा बदलून आणखी एक ग्रुप घ्या. गॅस बदलला की झिरो (नेम आणि गोळी जुळवलेली जागा) सरकतो का, हे पिस्टनच्या रायफलीत बघावेच लागते. सरकत असेल तर किती आणि कुठे, हे वहीत लिहून ठेवा.

नळीबाबत इतकेच: हॅमर-फोर्ज्ड नळी, आत क्रोम किंवा नायट्राइड, दोन्ही चालतात. क्रोम नाही म्हणजे हलक्या दर्जाची असेही नाही. एचके एमआर556 ची नळी क्रोमविना येते. 5.56 मध्ये नळीतल्या पिळाचा सात इंचात एक फेरा असेल तर 77 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) जड गोळीही स्थिरावते. नऊ इंचाच्या फेऱ्यात ती भरवशाची नाही. नळीवर 5.56 कोरले आहे की .223, ते वाचा. .223 च्या चेंबरमध्ये 5.56 चा लष्करी दारूगोळा घालू नये, दाब वाढतो. 7.62 किंवा .308 असेल आणि रायफल वापरलेली असेल तर आर्मररकडून (शस्त्र-कारागिराकडून) हेडस्पेस गेज लावून घ्या; हेडस्पेस म्हणजे बंद बोल्टपासून चेंबरमध्ये राउंड टेकतो तिथपर्यंतचे अंतर. बोल्ट .308 च्या 1.630 इंचाच्या 'गो' गेजवर बंद व्हायला हवा आणि 1.634 च्या 'नो-गो'वर होता कामा नये. वापरलेली रायफल 1.638 च्या 'फील्ड' गेजवरही बंद झाली तर ती चालवायची नाही.

एक बारीक गोष्ट, जिने नवशिके घाबरतात. एआरची फायरिंग पिन मोकळी असते, त्यामुळे राउंड नुसता भरून काढला तरी प्रायमरवर बारीक ठिपका उमटतो. तो दोष नाही. पण तोच राउंड पुन्हा पुन्हा भरायचा नाही. ठिपका खोल होत जातो, आणि गोळीही पुंगळीत आत दबत जाते.

ट्रिगर, कुंदा, पकड, रेल यांवर वेळ घालवू नका. ते नंतर कुठल्याही दुकानातून बदलता येतात. वजन मात्र बदलता येत नाही. पिस्टनचे जास्तीचे वजन पुढच्या टोकाला असते, त्यामुळे तराजूवर कमी आणि हातात जास्त वाटते. भाच्याला सांगा, दुर्बीण लावलेली, भरल्या मॅगझिनची रायफल उभ्याने खांद्याला लावून दोन मिनिटे धर, मग भाव विचार.

माझे मत विचाराल तर हिशेब असा. नळी आखूड असेल, सप्रेसर लागणार असेल, किंवा एका दिवसात काहीशे राउंड चालवून साफ करायला सवड नसेल, तर पिस्टनला दिलेले पैसे वसूल आहेत. 16 इंचांची किंवा लांब नळी, महिन्याकाठी शे-दीडशे राउंड, कागदी लक्ष्य, असा वापर असेल तर चांगल्या कंपनीची थेट गॅसची एआर घ्यावी आणि उरलेल्या पैशांत दुर्बीण आणि दारूगोळा. भाच्याचा वापर तुमच्या सांगण्यावरून या दुसऱ्या प्रकारातला दिसतो.

तरी पिस्टनच घ्यायची ठरली, तर त्याच दिवशी सुटे भाग घ्यायला लावा. थेट गॅसच्या एआरचा कुठलाही भाग कुठेही मिळतो. पिस्टन, दांडी, तिची स्प्रिंग, रेग्युलेटर आणि कॅरिअर हे मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे, एकमेकांना बसत नाहीत, आणि मॉडेल बंद झाले की मिळेनासे होतात. एक दांडीची स्प्रिंग, एक रेग्युलेटर, एक पूर्ण बोल्ट, दोन एक्स्ट्रॅक्टर स्प्रिंगसकट, एवढे डबीत ठेवावे. बोल्ट बदलला की हेडस्पेस पुन्हा तपासायचा. आणि हे सुटे भाग दुकानदार द्यायला तयार नसेल, 'मागवून देतो' म्हणत असेल, तर रायफलही त्याला सुटे भाग आल्यावरच दे म्हणावे.